सहभागी क्रमांक दोनशे सतरा

परळच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
पूर्वी जिथे चादरी ठेवायचे त्या खोलीत
दर तीन महिन्यांनी जाते मी, उपाशीपोटी.
आधी रक्त. मग चहा-बिस्किट. मग पकड:
लोखंडी कडी दाबायची, काटा थरथरत चढतो.
उजवा हात सोळा किलो, डावा चौदा.
सायमा मुकादम लिहून घेते.
तिचं वय सव्वीस; माझे गुडघेही तिच्याहून थोरले.

संमतिपत्र अकरा पानांचं होतं.
सगळं वाचूनच सही केली मी. असं कुणी करत नाही म्हणे.
सहाव्या पानावर एक वाक्य:
सहभागी व्यक्ती कोणत्याही क्षणी, कारण न देता,
अभ्यासातून बाहेर पडू शकते.
शेजारच्या खुर्चीतल्या माणसाचा चष्मा घरी राहिला होता,
त्याला मोठ्याने वाचून दाखवलं.
तो म्हणाला, बाय, हे तर आपल्याला आधीपासून ठाव हाय,
त्याला सही कशाला पायजे?

तो दोनशे अठरा. इनास परेरा, माझगाव.
चाळीस वर्षं टॅक्सीचे मीटर दुरुस्त केले त्याने.
फरशीवर चिकटवलेल्या पिवळ्या पट्टीवरून
चार मीटर चालायचं असतं, सायमा घड्याळ दाबते;
तो दर वेळी थांबून विचारी,
मीटर टाकलास का पोरी?
आणि मग इतका हळू चाले
की जणू भाडं वाढवायचंय.

गोळ्या दोघांनाही सारख्याच, पांढऱ्या, मधे रेघ.
कुणाची खरी आणि कुणाची नुसती खडूची
ते डॉक्टरांनाही ठाऊक नाही;
नावं बंद लिफाफ्यात, लिफाफे बंद कपाटात,
चौथं वर्ष संपेपर्यंत.
आम्ही पैज लावली. एक प्लेट खिमा विरुद्ध एक साबुदाणावडा.
तो म्हणे, माझी खडूची. चव सांगते.
मी म्हणे, गिळायच्या गोळीला चव कसली?

शंभरातून सात वजा करत जा.
त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर,
आणि पुढची पायरी जराशी हलते.
एकतीस वर्षं गावदेवी एक्स्चेंजला होते मी.
कानाला हेडफोन, बोटांत दोऱ्या,
अर्ध्या मुंबईचे नंबर बोटांना पाठ.
सायमाला सांगितलं तर म्हणाली,
मावशी, त्याचा रकाना नाहीये.

या वेळी शेजारची खुर्ची रिकामी.
मी आधी पकड दिली, मग चालले,
मग विचारलं.
ती संगणकाकडे बघत राहिली.
नियम आहे, सांगता येत नाही.
पण पडदा तिरका होता, आणि माझा चष्मा
मी घरी विसरत नाही.
०२१८. अभ्यासातून बाहेर.
कारण: पुढे नुसती आडवी रेघ.

मघाचे पाच शब्द आठवतात का, मावशी?
पेरू. कातर. समई. घोडा.
पाचव्याच्या जागी एक नंबर आला तोंडावर,
माझगावचा, सहा आकडी असतानाचा,
त्यानेच एकदा गंमत म्हणून परीक्षा घेतली होती माझी:
सांग बघू, नवाब टँकजवळ, मीटरवाल्याच्या दुकानात
फोन लावायचा तर काय फिरवशील?
तेव्हा बरोबर आला होता. आजही आला.
पाचपैकी चार, लिहिलं सायमाने.
बरोबर आहे तिचं.

प्रवासखर्चाचे तीनशे रुपये, दोन ठिकाणी सही.
पुढची तारीख एकोणीस.
दारापर्यंत जाऊन परत आले.
म्हटलं, लिफाफे उघडाल तेव्हा मला फोन कर.
माझाही सांग, आणि त्याचाही.
ती म्हणाली, त्यांचा नाही सांगता येणार.
म्हटलं, नाव नको सांगूस गं.
खिमा की वडा, एवढंच सांग.